एलिक्सिर म्हणजे काय? गोड औषधात अल्कोहोल का असतं आणि बाटलीचं लेबल कसं वाचायचं



'एलिक्सिर' हा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा मोबाईल गेममध्ये पाहिला असेल. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये गुलाबी एलिक्सिर साठवायचं, क्लॅश रॉयलमध्ये एलिक्सिर भरेपर्यंत थांबायचं. पण हा शब्द गेमच्या कितीतरी आधीपासून औषधाच्या बाटल्यांवर आहे आणि तिथे त्याचा अर्थ अगदी ठरलेला आहे.

मी बी. फार्म. केलं आहे आणि मेडिकलच्या काउंटरवर काम करतो. तिथे रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "दादा, एक सिरप द्या ना." कुठलंही पातळ, गोड औषध म्हणजे सिरप, असं आपण धरूनच चालतो. खरं तर प्रत्येक पातळ औषधात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे औषध आणि दुसरी म्हणजे ते ज्यात विरघळवलं आहे तो द्रव. शाळेत आपण त्याला द्रावक म्हणायला शिकलो. सगळ्यांचं लक्ष औषधाच्या नावाकडे असतं, द्रावकाकडे कोणी बघत नाही. गोड औषधांमुळे झालेल्या मोठ्या दुर्घटना मात्र बहुतेक वेळा या द्रावकामुळेच झाल्या आहेत.

म्हणून आजच्या लेखात आपण एलिक्सिर म्हणजे काय, त्यात अल्कोहोल का घालतात, ते कोणी जपून घ्यावं आणि हातातल्या मोबाईलच्या मदतीने बाटली कशी तपासायची, हे सगळं बघणार आहोत. चला तर मग, सुरुवात करूया.

## एलिक्सिर म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर एलिक्सिर म्हणजे पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात औषध विरघळवून बनवलेलं, गोड आणि सुवासिक, तोंडाने घ्यायचं पातळ औषध. ते स्वच्छ आणि पारदर्शक असतं. म्हणजे बाटली उजेडात धरली तर तळाला गाळ दिसत नाही.

इथे अल्कोहोल म्हणजे इथाइल अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल. दारूत असतं तेच. प्रत्येक एलिक्सिरमध्ये त्याचं प्रमाण वेगळं असतं. काहींमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास, तर काहींमध्ये २० टक्के किंवा त्याहूनही जास्त.

हा शब्द अरबी 'अल-इक्सीर' वरून युरोपात गेला. जुन्या किमयागारांच्या भाषेत लोखंडाचं सोनं करणारा किंवा आयुष्य वाढवणारा पदार्थ म्हणजे इक्सीर. गेमवाल्यांनी हा जादूचा अर्थ उचलला, औषधशास्त्राने फक्त नाव ठेवलं.

## सिरप, एलिक्सिर, सस्पेन्शन आणि टिंक्चर यात फरक काय?

हा प्रश्न परीक्षेतही येतो आणि घरातही कामाला येतो. थोडक्यात बघूया.

सिरप: पाण्यात भरपूर साखर विरघळवून केलेला घट्ट पाक. इंडियन फार्माकोपियाच्या साध्या सिरपमध्ये वजनाने ६६.७ टक्के साखर असते. इतक्या साखरेत जंतूंना वाढायला मोकळं पाणीच मिळत नाही. मोरंबा वर्षभर टिकतो त्याचं कारणही हेच.

एलिक्सिर: पाणी + अल्कोहोल + गोडवा + स्वाद. सिरपपेक्षा पातळ आणि कमी गोड.

सस्पेन्शन: यात औषध विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. म्हणूनच बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं लिहितात. मुलांची बरीच अँटिबायोटिक औषधं या प्रकारात येतात.

टिंक्चर: अल्कोहोलमध्ये उतरवलेला वनस्पतींचा अर्क किंवा विरघळवलेलं रसायन. गोडवा घातलेला नसतो. जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन सगळ्यांना माहीत आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आजच्या बाजारात फक्त नावावर विसंबून चालत नाही. सिरप म्हणून विकल्या जाणाऱ्या काही औषधांतही अल्कोहोल असतं. दुसरीकडे, अमेरिकन फार्माकोपिया औषधांच्या नावात 'एलिक्सिर' ऐवजी 'ओरल सोल्युशन' म्हणणं पसंत करते. त्यामुळे नाव काहीही असो, आत काय आहे ते लेबलवरच बघायचं.

## औषधात अल्कोहोल घालतातच कशाला?

"कंपन्या नशा यावी म्हणून अल्कोहोल घालतात" असा एक समज आहे. खरं कारण साधं रसायनशास्त्र आहे.

१. औषध विरघळावं म्हणून. बरीच औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत. फिटच्या आजारावरचं फिनोबार्बिटोन हे जुनं औषध घ्या. १ लिटर पाण्यात ते साधारण १ ग्रॅमच विरघळतं. पण त्याच्या एलिक्सिरमध्ये दर ५ मिलीला २० मिलिग्रॅम औषध लागतं. हिशोब केला तर लिटरला ४ ग्रॅम होतात, म्हणजे पाण्याच्या क्षमतेच्या चौपट! नुसत्या पाण्यात केलं तर बाकीचं औषध तळाला बसेल. पहिल्या चमच्यात औषध कमी आणि शेवटच्या चमच्यात भलतंच जास्त, अशी गत होईल. साधारण १५ टक्के अल्कोहोल आणि सोबत ग्लिसरिनसारखा दुसरा द्रावक घातला की सगळं औषध विरघळलेलं राहतं आणि प्रत्येक चमच्यात सारखंच येतं.

२. टिकावं म्हणून. अल्कोहोलचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या पुढे असेल तर त्यात जंतू आणि बुरशी सहसा वाढत नाहीत. वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागत नाही.

३. चव आणि वास यासाठी. संत्र्याचं तेल, वेलदोड्याचं तेल असे सुवासिक पदार्थ पाण्यात मिसळत नाहीत, अल्कोहोलमध्ये मिसळतात. कडू औषधाची चव झाकायला त्यांचा उपयोग होतो.

४. साखर कमी लागते म्हणून. सिरपइतका घट्ट पाक करावा लागत नाही. काही एलिक्सिरमध्ये साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा सॅकरिन असतं.

थोडक्यात, इथे अल्कोहोलचं काम मुख्यतः द्रावकाचं आहे. आता प्रश्न असा की हा द्रावक बदलला तर काय होतं? याचं उत्तर जगाला १९३७ साली मिळालं, आणि फार महागात मिळालं.

## १९३७: नावाला एलिक्सिर, आत भलतंच

त्या काळात सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं नवं आणि खरोखर गुणकारी औषध होतं. गोळ्या आणि पावडर मिळत होती. पण मुलांसाठी पातळ औषधाची मागणी होती. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एस. ई. मॅसेन्गिल कंपनीच्या मुख्य केमिस्टला, हॅरॉल्ड वॉटकिन्सला, एक द्रावक सापडला ज्यात हे औषध छान विरघळत होतं. त्याचं नाव डायइथिलिन ग्लायकॉल. हे रसायन स्वच्छ, जाडसर आणि चवीला गोड. रास्पबेरीचा स्वाद घालून बाटल्या तयार झाल्या. रंग, वास आणि चव तपासली गेली. विषारीपणा तपासला गेला नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तशी सक्तीच नव्हती.

डायइथिलिन ग्लायकॉल शरीरात गेल्यावर मूत्रपिंडं निकामी करतं. सप्टेंबर १९३७ मध्ये औषध बाजारात गेलं आणि ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातून मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात बरीच लहान मुलं होती, घसा दुखतो म्हणून औषध घेतलेली.

मग अमेरिकेच्या एफडीएने आपले जवळजवळ सगळे निरीक्षक कामाला लावले. दुकानांची बिलं, डॉक्टरांच्या नोंदी बघत घरोघरी जाऊन बाटल्या परत गोळा केल्या. एकूण २४० गॅलन, म्हणजे साधारण ९०० लिटर औषध बनलं होतं. त्यातलं बहुतेक सगळं परत मिळालं, म्हणून आकडा आणखी वाढला नाही.

आता यातला खरा धक्का ऐका. एवढी माणसं मेली तरी कंपनीवर 'विषारी औषध विकलं' असा खटला भरता येत नव्हता. १९०६ च्या कायद्यात तसा गुन्हाच नव्हता. खटला कशावर झाला? तर 'एलिक्सिर' या शब्दावर! एलिक्सिर म्हटलं की त्यात अल्कोहोल हवं, आणि या बाटलीत अल्कोहोल नव्हतंच. म्हणजे लेबल खोटं. याच मुद्द्यावर दंड झाला. कंपनीने नाव 'एलिक्सिर' ऐवजी 'सोल्युशन' ठेवलं असतं, तर तेवढंही करता आलं नसतं.

या घटनेनंतर जून १९३८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. नवीन औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचे पुरावे देणं बंधनकारक झालं. आज जगभर औषधांच्या मंजुरीची जी पद्धत आहे, तिच्या मागे ही एक गोड बाटली आहे.

## आपल्याकडे असं झालं आहे का?

हो, आणि एकदा नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिन दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरिनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औषध खरेदी आणि तपासणी याबद्दल महाराष्ट्रात आजही या आयोगाचं नाव निघतं.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं औषध घेतलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. छिंदवाडा आपल्या विदर्भाला लागूनच आहे. कित्येक मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. २० हून अधिक मुलं दगावली. तामिळनाडूच्या औषध विभागाने 'कोल्ड्रिफ' या सिरपच्या एसआर-१३ या बॅचचा नमुना तपासला, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल निघालं. परवानगी असते ०.१ टक्क्यापर्यंत.

हे एलिक्सिर नव्हतं, सिरप होतं. पण गोष्ट तीच, १९३७ ची. ग्लिसरिन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल हे औषधातले नेहमीचे, सुरक्षित द्रावक आहेत. डायइथिलिन ग्लायकॉल दिसायला आणि चवीला त्यांच्यासारखंच असतं. बघून किंवा चाखून फरक कळत नाही, फक्त प्रयोगशाळेत कळतो. म्हणून कच्च्या मालाचा प्रत्येक डबा तपासणं हे कंपनीचं काम आहे. आणि बॅच नंबर जपून ठेवणं हे आपलं काम आहे, ते का हे पुढे बघू.

## एका चमच्यातून किती अल्कोहोल जातं?

आता मूळ विषयाकडे येऊ. समजा एलिक्सिरमध्ये १५ टक्के अल्कोहोल आहे आणि आपण ५ मिली घेतलं.

५ मिलीचे १५ टक्के म्हणजे ०.७५ मिली अल्कोहोल. वजनात साधारण ०.६ ग्रॅम. तुलनेसाठी, ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे एक चमचा औषध हा एका बिअरचा विसावा भागही नाही. ६० किलोच्या माणसाच्या रक्तात त्यामुळे १०० मिलीला जेमतेम दीड मिलिग्रॅम अल्कोहोल येईल. जाणवणारही नाही.

पण तोच चमचा ५ किलोच्या बाळाला दिला तर? शरीर लहान, त्यामुळे तेच अल्कोहोल कमी पाण्यात पसरतं. ढोबळ हिशोबाने रक्तात १०० मिलीला १७ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे बाळ एका चमच्यात त्या मर्यादेच्या निम्म्याच्या पुढे गेलं! शिवाय लहान बाळाचं यकृत अल्कोहोल मोठ्यांइतक्या वेगाने मोडू शकत नाही.

म्हणूनच "मोठ्यांचं औषध, फक्त थोडं कमी देऊ" हा घरगुती हिशोब धोक्याचा आहे. अमेरिकेच्या एफडीएने चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या तोंडी औषधांसाठी अल्कोहोलच्या कमाल मर्यादा ठरवल्या आहेत. त्या अशा:

- ६ वर्षांखालील मुलांसाठी ०.५ टक्के
- ६ ते १२ वर्षांखालील मुलांसाठी ५ टक्के
- १२ वर्षं आणि पुढे १० टक्के

काही वेळा डॉक्टर लहान मुलालाही अल्कोहोल असलेलं औषध देतात, कारण तिथे औषधाची गरज जास्त मोठी असते. तो निर्णय डॉक्टरांचा, आपला नाही.

## कोणी विशेष काळजी घ्यावी?

- लहान मुलं आणि गरोदर महिला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.
- दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणारे. या गोळीसोबत थोडं अल्कोहोल गेलं तरी चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो. खोकल्याच्या औषधातलं अल्कोहोलसुद्धा यात मोजलं जातं.
- दारू सोडलेली माणसं. गोळी न घेताही, ती चव आणि वास पुन्हा सवयीकडे ओढू शकतो. घरात असं कोणी असेल तर मेडिकलमध्ये "अल्कोहोल नसलेलं द्या" असं स्पष्ट सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.
- झोपेची, फिटची किंवा ॲलर्जीची झोप आणणारी औषधं घेणारे. अल्कोहोल आणि ही औषधं मिळून गुंगी वाढते.
- यकृताचा आजार असणारे.

## आसव-अरिष्ट आणि होमिओपॅथीचं काय?

"आयुर्वेदिक आहे म्हणजे अल्कोहोल नसणार" असं बऱ्याच जणांना वाटतं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुमारी आसव ही आंबवून केलेली औषधं आहेत. गूळ किंवा साखर, औषधी काढा आणि धायटीची फुलं असं घालून ती आंबवतात. त्यात अल्कोहोल बाहेरून घालत नाहीत, ते आतच तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के. लेबलवर त्याचा उल्लेख 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' असा असतो.

होमिओपॅथीच्या थेंबांतही अल्कोहोल बरंच असू शकतं. म्हणून नियम असा आहे की १२ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथिक औषध दुकानात ३० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही.

आणि आजीचं आवडतं ग्राइप वॉटर? ते १८५१ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड यांनी आणलं, तेव्हा त्यातही अल्कोहोल होतं. आज बहुतेक ग्राइप वॉटरवर 'अल्कोहोल नाही' असं छापलेलं दिसतं. तरी लेबल बघूनच घ्या.

## कायद्याने यावर बंदी नाही का?

रंजक गोष्ट अशी की हा वाद आपल्या मुंबईतूनच सुप्रीम कोर्टात गेला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात दारूची व्याख्या इतकी मोठी होती की अल्कोहोल असलेली औषधंही त्यात येत होती. एफ. एन. बलसारा खटल्यात १९५१ साली सुप्रीम कोर्टाने कायदा बहुतांशी कायम ठेवला. पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं वापरण्यावर बंदी घालणारा भाग रद्द केला. औषधाची बाटली आणि दारूची बाटली कायद्याने वेगळी धरली गेली.

## मोबाईल हातात घेऊन बाटली कशी तपासायची?

हा भाग नीट वाचा. एकदा सवय लागली की दोन मिनिटंही लागत नाहीत.

स्टेप १: लेबलचा फोटो काढा आणि झूम करा. अक्षरं बारीक असतात, फोटो मोठा करून वाचणं सोपं पडतं. घटकांच्या यादीत अल्कोहोल किंवा ॲब्सोल्यूट अल्कोहोल आणि पुढे टक्के शोधा. पोटात घ्यायच्या औषधात घनफळाने ३ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असेल तर आपल्याकडच्या औषध नियमांनुसार ते प्रमाण लेबलवर छापावं लागतं.

स्टेप २: वयाची सूचना बघा. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही जोडी असलेल्या सर्दीच्या औषधावर '४ वर्षांखालील मुलांना देऊ नये' अशी सूचना हवी, असा आदेश २०२३ मध्ये निघाला आहे.

स्टेप ३: बॅच नंबर, उत्पादक, परवाना क्रमांक आणि एक्स्पायरी. हे चारही एकाच फोटोत यायला हवेत. तो फोटो औषध संपेपर्यंत डिलीट करू नका. कोल्ड्रिफसारखा इशारा येतो तेव्हा तो एका ठराविक बॅचसाठी येतो. बाटली फेकून दिली असेल तर तुमच्याकडे तो फोटोच पुरावा असतो.

स्टेप ४: क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठराविक ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक आहे. स्कॅन केल्यावर औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक दिसला पाहिजे आणि तो छापील माहितीशी जुळला पाहिजे. कोड नाही म्हणजे औषध बनावट, असं मात्र समजू नका. तो सगळ्या औषधांना लागू नाही.

स्टेप ५: शंका आली तर यादी बघा. केंद्राची सीडीएससीओ ही संस्था दर्जात न बसलेल्या औषधांची यादी दर महिन्याला आपल्या वेबसाईटवर टाकते. त्यात औषधाचं नाव आणि बॅच शोधता येते.

स्टेप ६: त्रास झाला तर कळवा. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर करता येते. 'एडीआर पीव्हीपीआय' नावाचं सरकारी ॲपही आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुठलंही पातळ औषध सुरू केल्यावर मुलाची लघवी एकदम कमी झाली किंवा थांबली, सतत उलट्या होऊ लागल्या, मूल सुस्त पडलं, तर मोबाईलवर शोधत बसू नका. औषध बंद करा, बाटली सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.

## घरी ठेवताना आणि घेताना

- झाकण घट्ट लावा. अल्कोहोल उडून जातं. ते कमी झालं की औषध तळाला बसू शकतं आणि शेवटचे डोस जास्त तीव्र होतात.
- स्वच्छ एलिक्सिर गढूळ दिसलं किंवा तळाला खडे दिसले तर हलवून पिऊ नका. मेडिकलमध्ये दाखवा.
- एलिक्सिरच्या बाटलीत पाणी किंवा दुसरं औषध मिसळू नका. अल्कोहोल पातळ झालं की विरघळलेलं औषध बाहेर पडतं.
- गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, उन्हापासून लांब आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. चव गोड असते, मूल अख्खी बाटली पिऊ शकतं.
- घरातला चमचा वापरू नका. प्रत्येक चमच्याचं माप वेगळं असतं. सोबतचा मापाचा कप किंवा सिरिंज वापरा.

## तुमचे नेहमीचे प्रश्न

एलिक्सिर घेतल्यावर नशा होते का?
सांगितलेल्या मापात घेतलं तर मोठ्या माणसाला नाही. गुंगी येते ती बहुतेक वेळा त्यातल्या औषधामुळे. मुद्दाम जास्त पिणं मात्र जीवघेणं ठरू शकतं, कारण अल्कोहोलसोबत औषधाचा डोसही तितक्याच पटीने वाढतो.

औषध घेऊन गाडी चालवली आणि पोलिसांनी मशीनमध्ये फुंकर मारायला लावली तर?
औषध घेतल्या घेतल्या तोंडातल्या वाफेमुळे आकडा दाखवू शकतो. साधारण १५ मिनिटांत तो परिणाम जातो. पण औषधाने झोप येत असेल तर मशीन काहीही दाखवो, गाडी चालवू नका.

लेबलवर अल्कोहोलचा उल्लेख नाही, म्हणजे ते नक्की नाही?
तसं म्हणता येत नाही. ३ टक्क्यांच्या आत असेल तर प्रमाण छापलेलं नसू शकतं. पूर्णपणे टाळायचं असेल तर 'अल्कोहोल फ्री' असं लिहिलेलं औषध मागा, किंवा गोळीचा पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा.

'अल्कोहोल फ्री' म्हणजे जास्त सुरक्षित ना?
अल्कोहोलच्या बाबतीत, हो. पण १९३७ च्या बाटलीतही अल्कोहोल नव्हतं, हे विसरू नका. अल्कोहोल काढलं की त्याच्या जागी दुसरा द्रावक येतो. तो कोणता आणि तपासलेला आहे का, हा प्रश्न उरतोच.

डायबेटिस असेल तर एलिक्सिर चालेल का?
त्यात सिरपपेक्षा साखर कमी असते, पण नसतेच असं नाही. शुगर फ्री लिहिलेलं आहे का ते बघा आणि डॉक्टरांना विचारून घ्या.

## शेवटचं सांगायचं तर

मित्रांनो, एलिक्सिरमधलं अल्कोहोल हे घाबरून जाण्यासारखं काही नाही. योग्य माणसाला, योग्य मापात ते फक्त औषध पोहोचवायचं काम करतं. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये बाटली हातात आली की औषधाच्या नावाखालची बारीक अक्षरंही वाचा आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. घरात आई-बाबांना ही अक्षरं वाचायला त्रास होतो. त्यांच्या औषधांचं हे काम तुम्हीच अंगावर घ्या, मोबाईल तर हातात असतोच.

हा लेख सामान्य माहितीसाठी आहे. कोणतंही औषध सुरू करण्याआधी, बदलण्याआधी किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला नक्की घ्या.